धरलंय

१

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलपाशी, एक खाली चाकापाशी. खालचा म्हणतो, "दाब." वरचा तीनदा पेडल दाबतो, चौथ्यांदा तळाशी रोवून ठेवतो आणि म्हणतो, "धरलंय." मग खालचा चाकामागचं निपल पान्याने पाव आटा सैल करतो. नळीतून बाटलीत तेल येतं आणि तेलासोबत अडकलेली हवा बुडबुडत बाहेर पडते. निपल पुन्हा आवळून तो म्हणतो, "सोड." झालं. बस डेपोच्या फोरमनने नोकरीच्या एकतीस वर्षांत हे इतक्या वेळा केलं होतं, की हा माणूस झोपेतसुद्धा ब्रेकची हवा काढतो, असं त्याची बायको येईल त्या पाहुण्याला सांगायची.

असा हा माणूस सलग चौथ्या रविवारी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या लेकीच्या ट्रकखाली उताणा पडला होता आणि ब्रेक काही हाती लागत नव्हते.

अगदीच लागत नव्हते असंही नाही. तसं असतं तर बरं झालं असतं. साफ मेलेल्या ब्रेकचं दुखणं शोधायला सोपं. पेडल मऊ लागायचं, ओल्या उशीवर पाय दिल्यासारखं. गाडी थांबायची, पण आधी विचार करायची आणि मग थांबायची. फोरमनने पहिल्या रविवारी चारी चाकांचे लायनर बदलले, दुसऱ्या रविवारी चाकांचे सिलिंडर, तिसऱ्या रविवारी सगळे रबरी पाइप. मधल्या एका वारी पेडलमागचा मास्टर सिलिंडर उघडून त्यात नवीन वॉशर घातले. एक थेंब कुठे गळत नव्हता. तरी हवा होतीच. येत कुठून होती, देव जाणे.

ट्रक पंचवीस वर्षांचा, लहान, चार चाकी, रंग उडालेला. लेकीने तो हौसेने घेतला होता. तिचं काचा कापून बसवण्याचं काम. हात असा, की काचेवर रेघ मारली की काच आपणहून मोडायला तयार. एवढी मोठी झाली तरी घरात सगळे तिला चिमीच म्हणत. उताराच्या रस्त्याने खाली गेलं की नवा दवाखाना बांधत होते, तिथल्या सगळ्या खिडक्या चिमीला मिळाल्या होत्या. गुरुवारपासून माल टाकायचा होता. रस्त्याला पाच वळणं, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. पाठीमागे उभ्या काचा. आणि पायाखाली ही ओली उशी.

"दुसऱ्या कुणाला तरी दाखवा की," बायको म्हणाली होती.

"दुसरा कोण? डेपोतले सगळे माझ्याच हाताखाली शिकलेत."

"म्हणूनच म्हणते, न शिकलेला कुणी बघा."

२

चौथ्या रविवारी सकाळी बायको कुरकुरत वर जाऊन बसली. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं असतं, म्हणून फोरमन मागच्या डाव्या चाकाखाली शिरला.

"दाब."

फस्, फस्, फस्. "धरलंय."

बुडबुडे.

"सोड. दाब."

"धरलंय."

पुन्हा बुडबुडे. सातवी वेळ झाली, बारावी झाली. आता तरी नुसतं तेल यावं, तर नाही. मोहरीएवढे बुडबुडे शिस्तीत एकामागून एक. फोरमनच्या मानेखाली खडा टोचत होता, कोपरावरून तेल काखेत उतरत होतं. "जोर लाव गं जरा! पाय आहे की पीस?" तो ओरडला. उत्तर आलं ते त्याच सुरात, "धरलंय." एरवी अशा बोलण्यावर तिने पायरीवरूनच चार शब्द सुनावले असते. आज ऐकून घेतेय, याचंच त्याला नवल वाटलं.

विसाव्या वेळेला बाटली भरत आली म्हणून तो सरपटत बाहेर आला. ब्रेकच्या टाकीत तेल घालायला केबिनचं दार उघडलं. सीटवर कोणी नव्हतं.

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत पातेली पुसत होती. "झालं?"

"काय झालं? मधेच उठून कधी आलीस?"

"मधेच कसली! दूध उतू गेलं, तशी आले मी. तुम्हाला ओरडून सांगितलं, पाच मिनिटं थांबा म्हणून. पातेलं घासून झालं, ओटा धुऊन झाला, आता भांडी पुसतेय."

"मग आत्तापर्यंत पेडल कोण दाबत होतं?"

"मला काय विचारता? मी कितीदा दाबलं असेल, चार-पाच वेळा."

फोरमनने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. चार-पाच वेळांत एवढं तेल निघत नाही. पण माणूस हिशेबी डोक्याचा; भलतासलता विचार त्याच्या डोक्यात उभा राहत नसे. म्हणजे ही विसरली. दहा-बारा वेळा दाबलं असेल आणि आता चार म्हणतेय. उरलेल्या वेळी खाली आपणच नादात मोजत राहिलो. झालंच तर शेजारच्या घरातून कुणी काही बोललं असेल. याहून दुसरं काय असणार? एवढ्यावर गप्प बसला असता तरी निभावलं असतं, पण जीव वैतागलेला.

"वय झालंय तुझं," तो म्हणाला. "एक काम धड लक्षात राहत नाही."

बायकोने हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं. आदळलं असतं तर एक वेळ बरं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

३

सोमवारी मदतीला कोणी नव्हतं आणि मागायला तोंड उरलं नव्हतं. एकट्याने करायची एक जुनी युक्ती असते. लाकडी पट्टी मापात कापायची, पेडल दाबायचं आणि पट्टी पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवायची. ती पेडल दाबून धरते. वर चढा, दाबा, अडकवा, खाली उतरा, निपल सैल करा, आवळा, पुन्हा वर चढा. साठीच्या गुडघ्यांना ही शिक्षाच.

पहिल्या दोन खेपा ठीक गेल्या. तिसऱ्या खेपेला तो वर चढला तर पट्टी पेडलपाशी नव्हती. ती सीटवर होती, आडवी, मधोमध, एखाद्याने नीट ठेवावी तशी.

पायरीवर एक पाय ठेवून तो हिशेब करू लागला. पट्टी सैल झाली तर खाली पडेल. निसटून उडाली तर काचेवर आपटेल. पण चढून सीटवर आडवी कशी पडेल? "स्प्रिंग," तो मोठ्याने म्हणाला. "सीटच्या स्प्रिंगने उडाली." आपलंच बोलणं ऐकून त्याला बरं वाटलं. पट्टी मात्र त्याने परत लावली नाही. कोपऱ्यात भिरकावली आणि चहा ढोसत चिमीची वाट पाहत बसला.

चिमी पाचच्या सुमाराला आली. बोटाला चिकटपट्टी, केसांत काचेचा चुरा. "अजून तेच? बाबा, गुरुवार तोंडावर आलाय."

"मला कॅलेंडर दाखवू नकोस. वर बस."

या वेळी तो पुढच्या उजव्या चाकापाशी होता, ड्रायव्हरच्या अगदी पायाखाली. पेडलचा दांडा जिथून खाली उतरतो तिथलं रबर फाटलं होतं. त्या फटीतून चिमीचा कॅनव्हासचा बूट दिसत होता. त्याने निपलला पाना लावला, नळी बसवली. घसा खाकरला.

"धरलंय."

त्याने निपल सैल केलं. बुडबुडे. आवळलं. "सोड."

"बाबा," वरून चिमी म्हणाली, "सांगा ना, कधी दाबू?"

"म्हणजे? आत्ता धरलंय म्हणालीस ना?"

"मी कुठे काही बोलले? मी थांबलेय तुमच्यासाठी. पण हे पेडल आपोआप खाली गेलं आणि आत्ता वर आलं. माझा पाय बाजूला आहे."

फोरमनने फटीतून पाहिलं. बूट खरोखरच बाजूला होता, पायाखालच्या फळीवर.

आता पेडल आपोआप खाली जाण्याला कारण असतं. मास्टर सिलिंडरच्या आतला वॉशर कापला गेला की पेडल खाली बसतं. हे पुस्तकात आहे, हे त्याने स्वतः शंभर वेळा पाहिलंय. तो इतका खूष झाला की खालूनच हसला. "सापडलं! नवीन वॉशरच खराब निघाला."

त्या संध्याकाळी त्याने सिलिंडर पुन्हा उघडला. वॉशर कोरा होता, ओरखडासुद्धा नव्हता.

हात धुताना त्याच्या मनात आणखी एक गोष्ट आली आणि साबण हातातच राहिला. सीटवर बसलेल्या माणसाचं तोंड खिडकीच्या उंचीला असतं. बायको काय, चिमी काय, त्यांचा आवाज वरून यायला हवा. 'धरलंय' हा शब्द मात्र त्या फटीतून आला होता. फळीच्या पातळीवरून. जिथे माणसाचे पाय असतात तिथून.

४

मंगळवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. चिमी मापं घ्यायला गेली होती. बायको बहिणीकडे गेली होती, जाताना भिंतीला सांगून, की जेवण झाकून ठेवलंय.

फोरमन ट्रकखाली शिरला तो कसलीही आशा न ठेवता. टाकी उघडी ठेवून निपल सैल सोडलं की तेल स्वतःच्या वजनाने उतरतं, हवाही निघते. वेळ लागतो एवढंच. त्याने मागच्या डाव्या चाकाला नळी लावली, पाना चढवला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तोंडातून शब्द निघून गेला.

"दाब."

फस्. फस्. फस्.

ऊन होतं. अंगणात वाळत घातलेली चादर हलत होती. दूर कुणीतरी खिळा ठोकत होतं.

"धरलंय."

आवाज बाईचा नव्हता आणि पुरुषाचाही म्हणवत नव्हता. कुणाचाच नव्हता म्हणा. कामावरच्या माणसाचा असतो तसा, कोरडा आणि आज्ञाधारक.

पळावं, ही गोष्ट त्याच्या मनात आली. पण ट्रकखालून पळता येत नाही, सरपटत निघावं लागतं, आणि निघायची वाट केबिनच्या बाजूने होती. तो पडून राहिला. आणि मग, सांगायला विचित्र वाटेल, पण भीतीच्या बुडाशी त्याचा जुना वैताग जागा झाला. चार रविवार! मानेत खडा, काखेत तेल, बायको बोलत नाही, गुरुवारी पोरगी त्या उतारावरून जाणार. आणि हे जे कोण वर आहे, ते इतके दिवस फुकट त्याचा खेळ करत होतं.

"नुसतं धरलंय धरलंय काय!" तो दात खाऊन म्हणाला. "जोर लाव! पार तळाला!"

दांडा करकरला. त्याने निपल सैल केलं आणि तेलाची अशी धार आली की नळी बाटलीतून उडाली. बुडबुडा एकही नाही. त्याने निपल आवळलं. "सोड."

सुटलं.

मग त्याने काम केलं. मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. आयुष्यात त्याला असा जोडीदार मिळाला नव्हता. पाय थरथरत नव्हता, शब्द चुकत नव्हता, मधेच दूध उतू जात नव्हतं. शेवटच्या चाकाला तो त्या फटीच्या बरोबर खाली होता. पूर्ण वेळ त्याने डोळे निपलवर ठेवले. मान वर केली नाही.

बाहेर आला तेव्हा केबिन रिकामी होती. त्याने दार उघडून हाताने पेडल दाबलं. दगडासारखं घट्ट.

५

बुधवारी चिमीने गल्लीत चक्कर मारली आणि उड्या मारत आली. "बाबा, पाय टेकवला की उभी राहते! काय केलंत तरी काय?"

"काही नाही. हवा काढली."

तो बायकोला सांगणार होता. पण सांगायचं म्हणजे आधी तिची माफी मागायची, आणि ती मागायची म्हणजे बाकीचंही कबूल करायचं. मूग गिळून बसला. गुरुवारी मात्र चिमी काचा चढवून निघाली तेव्हा हा आपणहून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. "मीपण येतो. पहिलीच खेप आहे."

पहिलं वळण छान गेलं, दुसरंही. काचा मागे लाकडी घोड्याच्या तिरप्या चौकटीला टेकून किणकिणत होत्या. चिमी गुणगुणत होती. फोरमनने पायाखाली बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तो रस्त्याकडे बघत होता.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे उतार जास्त आहे. चिमीने ब्रेकवर पाय ठेवून वेग कमी केला आणि म्हणाली, "बाबा, आईशी बोला ना. चार दिवस झाले. ती तिकडे रडते, तुम्ही इकडे चाकं मोजता."

"तुला काय करायचंय?"

"मला नाही तर कुणाला? काय झालं एवढं, ते तरी सांगा."

"सोड तो विषय," फोरमन वैतागून म्हणाला.

चिमीचा पाय पेडलसकट खाली गेला. थेट फळीपर्यंत, जणू खाली काही नव्हतंच. ट्रक सुटला. तिने दाबलं, पुन्हा दाबलं. नुसती ओली उशी. तिने हँडब्रेक ओढला, गियर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. मागे काचांचा एक मोठा आवाज झाला. वळणाचे पांढरे दगड समोर धावून आले. त्यांच्या पलीकडे आभाळ होतं.

"दाब!" फोरमन ओरडला. "दाब! दाब!"

चाकं जागच्या जागी जाम झाली. दोघं पुढे आपटली. ट्रक आडवा घसरत दगडांपासून हातभर अंतरावर थांबला, थरथरला आणि स्थिर झाला.

चिमीने घाबरून दोन्ही पाय वर सीटवर घेतले होते. पेडल खालीच होतं.

"धरलंय," पायापाशी कुणीतरी म्हणालं.

या वेळी ते चिमीनेही ऐकलं. फोरमनला ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि आता न बघणं त्याला जमलं नाही. पेडलवर दोन तळवे होते. एकावर एक ठेवलेले, कणीक दाबावी तसे. नखांत काळं तेल. मनगटं दिसत होती, कोपरं दिसत होती, आणि कोपरांच्या पुढे डॅशबोर्डखालचा अंधार. तिथे तेलाचा डबा ठेवायचा म्हटला तरी मावत नाही.

"बाबा, कोण आहे?" चिमी कुजबुजली.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "एक शब्द बोलू नकोस. दार उघड आणि उतर."

६

दोघांनी मिळून चारी चाकांना मोठे दगड लावले. प्रत्येक दगड पायाने ठोकून पाहिला. मागे जाऊन पाहिलं तर ब्रेकचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. केबिन रिकामी, दारं सताड उघडी.

काचा निम्म्या फुटल्या होत्या. उरलेल्या दवाखान्याच्या माणसांनी आपल्या टेंपोत भरून नेल्या. त्यांना चिमीने एवढंच सांगितलं की ब्रेक जाम झालेत. खोटं नव्हतं. दुपारी टोचनवाला त्याची ओढायची गाडी घेऊन आला. तोंडात काडी, कपाळाला आठ्या. रस्त्यात कुणाची तरी गाडी बंद पडते आणि त्याचं जेवण राहतं, असा चेहरा. त्याने साखळी लावली, एक हिसका दिला. ट्रक तसूभर हलला नाही.

तो उतरला, ट्रकला एक फेरी मारली, केबिनपाशी थांबला आणि परत आला तो चिडूनच.

"काय चेष्टा लावलीय का? ब्रेक दाबून धरलाय. असा कसा ओढू?"

"जाम आहे," फोरमन म्हणाला.

"जाम नाही हो. तुमचा माणूस बसलाय ना खाली वाकून. मी विचारलं, काय रे, ब्रेक धरलायस का, तर म्हणतो, धरलंय. त्याला सांगा की..."

"नका!" चिमी इतक्या जोरात ओरडली की टोचनवाल्याच्या तोंडातली काडी पडली.

मग त्याने वळून केबिनकडे पाहिलं. दार उघडं होतं, दुपारचं ऊन आत पडलं होतं. वाकून बसलेला तो माणूस त्याला तेव्हा नीट दिसला, किंवा दिसलाच नाही. त्याने मुकाट्याने साखळी सोडवली, गुंडाळलीसुद्धा नाही. तशीच फरफटत नेऊन मागे टाकली आणि निघून गेला.

७

घरी आल्यावर फोरमन सरळ स्वयंपाकघरात गेला. "त्या रविवारी तू नव्हतीस," तो म्हणाला. "तुझंच खरं होतं. चुकलो मी."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. चार दिवस ज्यासाठी थांबली होती ते मिळालं होतं, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. "मग कोण होतं?" तिने विचारलं. तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि तो रिता होईपर्यंत जवळ उभी राहिली.

ट्रक न्यायला कोणी तयार झालं नाही. भंगारवाला एकदा जाऊन आला आणि नंतर त्याने फोनच घेतला नाही. दवाखान्याच्या खिडक्या राहिल्याच होत्या. चिमी आता भाड्याच्या टेंपोतून काचा नेते. जायचा रस्ता तोच, दुसरा नाही. तिसरं वळण संपलं की रस्ता बरोबर ट्रकच्या तोंडाखालून जातो. तिथे ती काही बोलत नाही आणि टेंपोवाल्यालाही बोलू देत नाही.

पहिले दोन दिवस फोरमन रोज सकाळी चालत जाऊन लांबूनच बघून यायचा. लाल दिवे लागलेले असायचे. धरलंय, एवढं कळायचं, आणि तो परत फिरायचा. तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरली असणार. दिवे विझलेले होते. आत ब्रेक अजून धरलेला आहे की नाही, हे बाहेरून कळायला आता काही मार्ग उरला नाही.